सायबेरियन हस्की (परित्याग व पुनर्वसन)

सायबेरियन हस्की ही मुंबई-पुण्यासारख्या शहरांत हौसेने घेतली जाणारी आणि वर्ष-दोन वर्षांत नकोशी होणारी विदेशी श्वानजात आहे. प्राणिमित्रांकडे येणारा हस्की बहुधा आजारी नसतो, चावराही नसतो. मालक ज्या तक्रारी सांगतात, त्यांतल्या बहुतेक या जातीच्या मूळ गुणांबद्दलच्या असतात.

ईशान्य सायबेरियातील चुकची लोकांनी बर्फावरची घसरगाडी दूरवर ओढण्यासाठी ही कुत्री जोपासली. हलके ओझे, मध्यम वेग, थोडे अन्न आणि न थकणारे पाय ही त्यांची खासियत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती शर्यतींसाठी अलास्कात आली. १९२५ मध्ये नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा सुमारे १,०८५ किलोमीटरच्या बर्फाळ वाटेवरून चालकांच्या साखळीने साडेपाच दिवसांत औषध पोहोचवले. त्यातला सर्वांत लांबचा टप्पा टोगो या कुत्र्याच्या चमूने पार केला, नाव मात्र शेवटच्या टप्प्यातल्या बाल्टोचे झाले. अमेरिकन केनेल क्लबने १९३० मध्ये या जातीला मान्यता दिली.

असा कुत्रा वन बीएचकेत सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटे खाली फिरवून भागत नाही. अंगातली रग जिरली नाही की तो सोफा फाडतो, दार कुरतडतो, कुंड्या उकरतो. तो भुंकतो कमी, पण गळा काढून रडतो, आणि एकटा ठेवला की तासन्‌तास रडतो. मग सोसायटीत तक्रारी सुरू होतात. पट्टा सुटला की तो धावत सुटतो, हाकेला परतेलच असे नाही. राखणीला तो निरुपयोगीच, कारण अनोळखी माणसाशीही त्याची लगेच गट्टी जमते. ‘फार्महाउसवर सोडू, मोकळा राहील’ हा उपाय वारंवार सुचवला जातो आणि तो बहुधा फसतो. शिकारीची प्रवृत्ती तीव्र असल्याने तिथल्या कोंबड्या आणि मांजरे त्याच्या तावडीत सापडतात, कुंपणाखालून खणून तो पळूनही जातो.

उष्णतेचा प्रश्न खराच आहे. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत ही युक्ती अपुरी पडते. हस्कीच्या दुहेरी केसाळ आवरणातला आतला थर ऋतुमानानुसार पुंजक्यांनी गळतो, घरभर केस होतात. वैतागून त्याचे केस मुळापासून काढणे चुकीचे आहे, कारण तेच आवरण कातडीला उन्हापासून वाचवते. मे महिन्यात भरदुपारी बाहेर नेल्यास उष्माघाताने जीवही जाऊ शकतो. तरीही सगळा दोष उन्हावर टाकणे अपुरे आहे. थंड हवेच्या ब्रिटनमध्येही हस्की मोठ्या संख्येने सोडले गेले. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ मालिकेतील लांडग्यांसारखी दिसते म्हणून या जातीची मागणी वाढली होती. मालिकेतील अभिनेता पीटर डिंकलेज याने २०१७ मध्ये चाहत्यांना असे कुत्रे विकत न घेण्याचे आवाहन केले.

भारतात निळ्या डोळ्यांचे पिल्लू पाहून निर्णय होतो. विकणारा ‘एसी लागत नाही, सवय होते’ असे सांगून मोकळा होतो. केंद्र सरकारने २०१६ मध्ये व्यापारी पैदाशीसाठी कुत्र्यांच्या आयातीवर बंदी आणली, पण तोवर इथेच पैदास रुजली होती. २०१७ च्या नियमांनुसार ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे आणि आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात कुत्रा वाऱ्यावर सोडणे गुन्हा आहे, मात्र पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. हजारो रुपये मोजून घेतलेला जीव टाकून देणाऱ्याला ही रक्कम रोखणार नाही, हे उघड आहे.

पुनर्वसनात नसबंदी, लसीकरण, त्वचा व डोळ्यांची तपासणी झाल्यावर नवे घर शोधले जाते. देणाऱ्याने घर प्रत्यक्ष पाहणे, पहाटे आणि रात्री दीर्घ व्यायाम देणारे माणूस घरात आहे का, गच्चीच्या कठड्याला व गेटला पुरेशी उंची आहे का हे विचारणे महत्त्वाचे ठरते. घरात ससा किंवा मांजर असल्यास नकार देणेच इष्ट. फक्त फोटो पाहून हस्की मागणाऱ्याला तो दिल्यास, काही महिन्यांत तोच कुत्रा पुन्हा दाराशी येण्याची शक्यता असते.