पेटी-तबला घेण्याआधी : खासगी शिकवणी लावावी का?

पेटी बघायला आलेलं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "क्लास लावू, की घरी येणारे सर बघू?" आम्ही वाद्यं विकतो, क्लास चालवत नाही, त्यामुळे मोकळेपणाने सांगतो.

गाणं शिकायचं असेल तर सुरुवात गुरूसमोर एकट्याने बसूनच करावी. कारण आहे पट्टी, म्हणजे पेटीवरच्या ज्या पांढऱ्या किंवा काळ्या पट्टीवर तुमचा 'सा' धरायचा ती. पुरुषांचा आवाज बहुधा पांढरी एक-काळी एकच्या आसपास बसतो, बायकांचा काळी चार-पाचला. वर्गात दहाजण असले तरी पेटी एकाच पट्टीत वाजणार. ज्याची ती पट्टी नाही तो वर ताणतो, नाहीतर खाली पुटपुटतो, आणि तीच खोड गळ्याला लागते. पहिल्या दिवशी तुमचा 'सा' शोधण्यात दहा मिनिटं घालवणारे सर मिळाले, तर फी थोडी जास्त पडली तरी चालेल.

तबल्याचंही तेच, फक्त इथे प्रश्न हाताचा. 'ना' वाजवताना अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला हलकी टेकते आणि तर्जनी चाटेवर (काठाच्या चामड्यावर) पडते. नवशिका अनामिका दाबून धरतो. मग आस (घुमत राहणारा नाद) मरते, नुसता टक्‌ आवाज येतो. व्हिडिओ बघून वाजवणाऱ्याला हे कोण सांगणार?

पेटीला मात्र एवढी निकड नाही. स्वर तयारच असतात. बोटं आणि भाता जमेपर्यंत चार-पाच जणांचा वर्ग पुरतो, स्वस्तही पडतो. लहान मुलं तर सोबत असली की जास्त टिकतात.

वर्गात शिकणं कमी प्रतीचं, असं मात्र समजू नका. गायक विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही वर्गातूनच गाणं शिकवायला. परीक्षा द्यायच्या असतील (प्रारंभिक ते विशारद पूर्ण अशा सात), तर वर्गात अभ्यासक्रम ओघाने होतो. खासगी सरांना ते आधी विचारून घ्या. काहींना परीक्षा आवडतच नाहीत.

रोज वीस मिनिटं रियाज होणार नसेल, तर कुठलीच शिकवणी लावू नका. कोथरूडहून संध्याकाळच्या गर्दीत पेठेत यायचं आणि मागचाच धडा पुन्हा घ्यायचा, यात पैसे फुकट जातात.

रियाजाची सवय लागेपर्यंत पेटी विकत घ्यायची गरज नाही. आमच्याकडे महिन्याच्या भाड्याने मिळते. तीन महिन्यांत घ्यायची ठरलीच, तर दिलेलं भाडं किमतीतून वजा करतो. तबला घेताना सरांना सोबत आणा.