एबीएसच्या गाडीची एअर घरी निघते का?

एअर काढायची म्हणजे ब्रेकच्या ऑइलमध्ये अडकलेली हवा बाहेर काढायची. एबीएस म्हणजे करकचून ब्रेक मारला तरी चाक लॉक, म्हणजे जाम, होऊ न देणारी यंत्रणा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात कुठल्याही गॅरेजसमोर उभं राहून हा प्रश्न विचारा, दोनच उत्तरं मिळतील. एक म्हणजे, "एबीएसची गाडी हाय, घरात हात लावू नका. कॉम्प्युटर लावल्याबिगर एअर निघत न्हाई." दुसरं, "कसलं काय घेऊन बसलाय, जुन्या जीपची काढतो तशीच काढायची." दोन्ही उत्तरं अर्धी खरी आहेत. कुठलं कधी लागू पडतं, हे एबीएसच्या ठोकळ्यातला एक इवलासा व्हॉल्व्ह ठरवतो.

पण आधी हवा एवढी नडते कशी ते बघू. पास्कलचा नियम शाळेत झालेला असतो: बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. ब्रेक चालतात ते याच्यावर, फक्त तो द्रव स्वतः दबता कामा नये. ब्रेक ऑइलवर वातावरणाच्या शंभर पट दाब दिला तरी त्याचं आकारमान अर्ध्या टक्क्याच्या आसपासच घटतं. हवेचं तसं नाही, तिला बॉइलचा नियम लागतो. समजा पाइपात एक मिलीलीटरचा बुडबुडा अडकलाय. दाब अकरा पट झाला की तो अकराव्या हिश्शावर येतो आणि त्याची रिकामी झालेली जागा भरायला मास्टर सिलिंडरला (पॅडल दाबलं की पिस्टनने ऑइल ढकलतो तो) सुमारे ०.९ मिलीलीटर ऑइल जादा ढकलावं लागतं. सिलिंडरचा व्यास २१ मिलिमीटर धरला तर क्षेत्रफळ साडेतीन चौरस सेंटिमीटरला थोडं कमी, म्हणजे पिस्टन अडीच मिलिमीटरहून जास्त पुढे जाणार. पॅडलची तरफ चारास एक असेल तर पायाखालचं पॅडल एक सेंटिमीटर खाली गेलं, तेही नुसता बुडबुडा चिरडण्यात. चाकाला म्हणावा तसा जोर अजून मिळालेलाच नाही. असे चार-पाच बुडबुडे असले की पॅडल फरशी गाठायला निघतं.

हा वायू बाहेरूनच यावा लागतो असंही नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, रबरी होजमधून आणि ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणातूनही. ताज्या डॉट ४ (ब्रेक ऑइलची एक प्रत) ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही किमान मर्यादा १५५ वर येते. आता १२०० किलोची गाडी गगनबावड्याहून करूळ घाटाने पाचशे मीटर खाली उतरली असं धरा. जवळपास ५९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरली पाहिजे. अठरा लिटर गार पाण्याला उकळी आणायला पुरेल एवढी ती आहे. खालच्या गिअरने तिचा मोठा वाटा इंजिनावर टाकला नाही तर बहुतेक सगळी ब्रेकमध्ये तापते, कॅलिपरमधलं (चाकाच्या डिस्कला चिमटा घेणारा भाग) ओल धरलेलं ऑइल उकळतं आणि वाफ हवेसारखीच दबते. दसऱ्याला चाकाखाली लिंबू चिरडायला माझी हरकत नाही, पण लिंबाने उत्कलनबिंदू वाढत नाही. दोन वर्षांतून एकदा ऑइल बदललं की वाढतो. आणि आकडा मोठा म्हणून डॉट ५ घेऊ नका. ते सिलिकॉनचं असतं, त्यात बारीक बुडबुडे अडकून राहतात, एबीएसला ते चालत नाही. डॉट ५.१ वेगळं, ते ग्लायकॉलच्याच घराण्यातलं.

आता तो ठोकळा. बॉशचं इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं. आपल्याकडे नव्या मोटारींना ते १ एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं, त्याआधी बहुतेक गाड्यांच्या वरच्या मॉडेललाच मिळायचं.

नेहमीच्या रचनेत प्रत्येक चाकाच्या वाटेवर दोन व्हॉल्व्ह असतात. वीज नसताना पहिला उघडा, दुसरा बंद. साध्या ब्रेकला ऑइल पहिल्यातून सरळ चाकाकडे जातं, दुसऱ्याचा संबंधच येत नाही. चाक लॉक व्हायला लागलं की सेन्सरकडून कॉम्प्युटरला कळतं. तो आधी पहिला व्हॉल्व्ह बंद करतो, म्हणजे पाय कितीही दाबा, चाकाचा दाब वाढत नाही. तेवढ्याने भागलं नाही तर क्षणभर दुसरा उघडतो. चाकाकडचं थोडं ऑइल त्यातून स्प्रिंगच्या एका छोट्या कप्प्यात उतरतं, दाब पडतो, चाक परत फिरायला लागतं. कप्प्यात उतरलेलं ऑइल पंप उपसून मास्टर सिलिंडरच्या बाजूला परत ढकलतो, म्हणून पायाला ती थरथर जाणवते. सेकंदात हे कितीतरी वेळा होतं.

दुसरा व्हॉल्व्ह बंद, ही गोष्ट इथे महत्त्वाची. उसाला रात्रीचं पाणी पाजणाऱ्याला फोड करून सांगावं लागणार नाही: ज्या सरीचं दारं बांधलंय, तिच्यात मोटर रात्रभर चालली तरी पाणी जात नाही. पॅडल मारून एअर काढताना ऑइल पहिल्या व्हॉल्व्हमधून चाकापाशी एअर काढायला असलेल्या निपलपर्यंत जातं आणि बाहेर पडतं. दुसऱ्यामागचा कप्पा आणि पंप या वाटेवर येतच नाहीत.

म्हणून ऑइल बदलायचंय, होज किंवा कॅलिपर उघडलाय आणि टाकी एकदाही कोरडी पडली नाही, तर हवा पुढच्याच वाटेवर आहे आणि ती घरी निघते. टाकी कोरडी पडली किंवा ठोकळाच उघडला, तर हवा मागे शिरलेली असू शकते. मागची हवा फसवी असते. बंद व्हॉल्व्हमागे असल्यामुळे ती पॅडलला जाणवत नाही. दारात उभ्या गाडीत पॅडल दगडासारखं लागतं, माणूस खूश होतो. मग पावसात एखाद्या उसाच्या ट्रॉलीमागे करकचून ब्रेक मारला की एबीएस जागं होतं, दुसरा व्हॉल्व्ह उघडतो, पंप आतली हवा उपसून मुख्य वाटेवर आणतो आणि नेमक्या त्याच वेळी पॅडल मऊ पडतं.

घरी काढायची तर इग्निशन बंद, आणि गाडी घोडीवर पक्की. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी, असा जुना रिवाज आहे. पण पुष्कळ गाड्यांत ब्रेकच्या लाइनी तिरप्या वाटलेल्या असतात, तेव्हा क्रम मॅन्युअलमधला घ्या. एकाने पॅडल सावकाश दाबून धरायचं, दुसऱ्याने रिंग पान्याने निपल उघडून बंद करायचं, आणि मगच पाय सोडायचा. निपलची नळी बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेली हवी. जुन्या गाडीत पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. सिलिंडरच्या ज्या टोकाला पिस्टन एरवी जात नाही तिथे गंज धरलेला असतो, पॅडल फरशीपर्यंत गेलं की रबरी सील त्यावर घासून फाटतं. टाकीत इंजिन ऑइलचा थेंबही पडू देऊ नका, त्याने ही रबरं फुगतात.

मोकळ्या मैदानात मुरमावर ब्रेक मारून एबीएस चालवायचं आणि परत एअर काढायची, अशी एक युक्ती सांगतात. ऑइल बदलताना कप्प्यातलं जुनं ऑइल हलवायला ती बरी आहे. हवेची शंका असेल तर नको, कारण तेव्हा तुम्ही ब्रेकची खात्री नसलेली गाडी पळवत असता. तिथे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनरच पाहिजे. आणि तोही बाजारात मिळणारा स्वस्तातला ब्लूटूथ प्लग नव्हे, तो बहुधा इंजिनचे कोड वाचून थांबतो. एबीएसचा पंप आणि व्हॉल्व्ह हुकुमावर चालवू शकेल असा लागतो. पंप सुरू करून निपल उघडलं की आतले बुडबुडे बाटलीत यायला लागतात. ते थांबेपर्यंत काढत राहायचं, आणि तोवर टाकीतलं ऑइल खाली जाऊ द्यायचं नाही.