पाठवलं १३२, पोहोचलं ६३

पुण्याजवळच्या भोसरी, पिंपरी, चाकण भागातल्या छोट्या कारखान्यांत जुन्या पीसीवर चालणारे जुने प्रोग्रॅम अजून दिसतात. कुठे वजनकाट्याचं वजन घेणारा, कुठे हीट ट्रीटमेंटच्या भट्टीचं तापमान नोंदवणारा. बरेचसे डेल्फी या भाषेत किंवा १९९८ सालच्या व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेले. कधीतरी तो पीसी बसतो. मग कोणीतरी तोच प्रोग्रॅम सी-शार्प किंवा पायथनमध्ये नव्याने लिहून देतं आणि उपकरण बोलायचं बंद होतं. यावर सगळीकडे एकच निदान ऐकू येतं: केबल गेली, कन्व्हर्टर भंगार आहे, बॉड रेट (बिट जाण्याचा वेग) तपासा. पुण्याच्या तपकीर गल्लीतून नवी केबल येते, आणि फरक शून्य.

केबल खराब असू शकते, नाही असं नाही. पण तीच केबल जुन्या प्रोग्रॅमबरोबर आजही चालत असेल, तर दोष दुसरीकडे शोधायला हवा. तो बहुतेक वेळा एकाच ओळीत असतो: पाठवायचा डेटा सिरीयल पोर्टच्या (पीसीला उपकरण जोडायच्या जागेच्या) फंक्शनच्या हाती दिला जातो त्या ओळीत.

आधी तारेकडे बघू. सिरीयल पोर्टचं आरएस-२३२ हे मानक १९६० सालचं. एका तारेवरून एकामागून एक बिट जातात. ९६०० बॉडला एका बाइटसाठी सुरुवातीचा एक बिट, डेटाचे आठ आणि शेवटचा एक असे दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ९६० बाइट. तारेला ना अक्षर कळतं, ना शब्द, ना मराठी, ना इंग्रजी. ० ते २५५ मधला एक आकडा, त्यामागून दुसरा, एवढंच तिथे चालतं.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या फंक्शनलाही डेटाबद्दल दोनच गोष्टी हव्या असतात: डेटा मेमरीत कुठून सुरू होतो तो पत्ता, आणि तिथून किती बाइट घ्यायचे ती संख्या. ज्या मेमरीत हा डेटा ठेवलेला असतो तिला बफर म्हणतात. सी भाषेत हा पत्ता तुम्ही उघड उघड देता. बाकीच्या भाषा तो झाकून ठेवतात, आणि प्रत्येकीची झाकायची पद्धत वेगळी आहे. माझ्या मते भाषा बदलताना सगळ्यात जास्त लक्ष इथेच द्यायला हवं, आणि नेमकं इथेच कोणी बघत नाही.

एक खरा संदेश घेऊ. औद्योगिक उपकरणांत मॉडबस हा संवादाचा करार सर्रास चालतो. मॉडिकॉन कंपनीने तो १९७९ मध्ये आणला. त्याच्या आरटीयू प्रकारात 'एक नंबरच्या उपकरणा, तुझं पहिलं रजिस्टर (आकडा ठेवायचा कप्पा) सांग' हा संदेश आठ बाइटचा आहे: १, ३, ०, ०, ०, १, १३२, १०. शेवटचे दोन बाइट पडताळणीचे. ते जुळले नाहीत तर उपकरण उत्तरच देत नाही, चूक झाली असंही कळवत नाही.

हे आठ आकडे नीट बघा, कारण यात सगळे सापळे आहेत. सी भाषेत मजकुराचा शेवट शून्य बाइटने होतो. कोणी हा संदेश मजकूर समजून त्याची लांबी मोजली, तर मोजणी तिसऱ्याच बाइटला थांबते आणि तारेवर फक्त १ आणि ३ जातात. व्हिज्युअल बेसिकमध्ये असे बाइट स्ट्रिंगमध्ये, म्हणजे मजकुरासाठीच्या व्हेरिएबलमध्ये, भरून पाठवायची सवय होती आणि ते चालून जायचं. तीच स्ट्रिंग सी-शार्पच्या सिरीयलपोर्ट क्लासला दिली, की वेगळं काही सांगितलं नसेल तर तो अ‍ॅस्की एन्कोडिंग, म्हणजे अक्षरांना आकडे देणारा तक्ता, लावतो. अ‍ॅस्कीत १२७ च्या पुढे काही नाही, म्हणून १३२ च्या जागी प्रश्नचिन्ह, म्हणजे ६३ जातं. पडताळणी फसते, उपकरण गप्प. यूटीएफ-८ हा दुसरा तक्ता लावला तर १३२ चे दोन बाइट होतात, १९४ आणि १३२, आणि आठाचा संदेश नऊचा होतो. त्यामानाने पायथन ३ ची पायसिरीयल लायब्ररी सरळ आहे: स्ट्रिंग दिली तर ती पाठवायलाच नकार देते, बाइट मागते.

आता माझ्या आवडीचा भाग. डेल्फीत डायनॅमिक अ‍ॅरेचं, म्हणजे लांबी बदलता येणाऱ्या यादीचं, व्हेरिएबल म्हणजे प्रत्यक्ष डेटा नसतो, डेटाचा पत्ता असतो. डेटा पाठवणाऱ्या विंडोजच्या राइटफाइल या फंक्शनला त्या अ‍ॅरेचा पहिला घटक द्यायचा असतो. नुसतं अ‍ॅरेचं नाव दिलं तर फंक्शनला पत्ता मिळतो खरा, पण तो पत्ता जिथे लिहून ठेवलाय त्या जागेचा. ३२ बिटच्या प्रोग्रॅममध्ये मग तारेवर आधी त्या पत्त्याचे चार बाइट जातात आणि पुढचे चार शेजारी जे काही पडलं असेल ते. कंपायलर तक्रार करत नाही. फंक्शन 'आठ बाइट पाठवले' असं सांगतं, आणि ते खरंच असतं. दिलेल्या पत्त्यावर काय असायला हवं होतं, हे कळायला त्याच्याकडे मार्गच नाही.

वाचताना याहून अवघड प्रकार होतो. सी-शार्पमध्ये गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको असलेली मेमरी मोकळी करणारी यंत्रणा, मेमरी आवरताना जिवंत डेटासुद्धा हलवू शकतो. विंडोजचं रीडफाइल थेट ओव्हरलॅप्ड पद्धतीने वापरलं, तर ते 'बाइट आले की या पत्त्यावर ठेवतो' म्हणून लगेच परत येतं. बाइट अ‍ॅरे जागेवर धरून ठेवण्याची हमी त्या कॉलपुरतीच असते. नंतर कलेक्टरने अ‍ॅरे हलवला, तर वाड्यातला भाडेकरू कोथरूडला गेला आणि पोस्टमन जुन्याच खोलीत पत्र टाकतोय, असं होतं. त्या खोलीत आता दुसऱ्याचा डेटा राहायला आलेला असतो. म्हणून काम संपेपर्यंत बफर पिन करावा, म्हणजे जागेवर खिळवून ठेवावा लागतो. सिरीयलपोर्ट क्लास वापरलात तर ही काळजी तो घेतो.

हा दोष रोज दिसत नाही. कलेक्टर नेमक्या त्या क्षणी चालला तरच दिसतो, आणि म्हणूनच 'मशीनला नजर लागली' म्हणत पॅनलला लिंबू-मिरची बांधली जाते. खंडेनवमीला यंत्राची पूजा जरूर करावी, त्यात कामाबद्दलचा आदर आहे. पण कधीतरीच दिसणाऱ्या दोषालाही कारण असतं आणि ते सापडतं. 'एआय पाच मिनिटांत कोड बदलून देईल' हा दावाही मी असाच तपासून घेईन. जुन्या कोडमधली ती स्ट्रिंग मजकूर होती की बाइटची पिशवी, हे बहुधा कोडमध्ये लिहिलेलंच नसतं. ते उपकरणाच्या मॅन्युअलमध्ये असतं.

तपासणी सोपी आहे. पीसीच्या नऊ पिनांच्या पोर्टवर २ आणि ३ नंबरच्या पिना एकमेकींना जोडा. पाठवलेलं सगळं परत येईल. ०, १०, १३२ आणि २५५ हे चार बाइट पाठवा आणि परत आलेले आकडे म्हणूनच छापा, अक्षरं म्हणून नाही. जाताना लावलेलं यूटीएफ-८ येतानाही लावलं तर चूक झाकली जाते. जावा वापरत असाल तर १३२ च्या जागी उणे १२४ दिसेल, त्याने घाबरू नका. जावाचा बाइट चिन्हासकट मोजला जातो, बिट तेच आहेत. पण ६३ दिसलं, किंवा चाराचे सहा झाले, तर केबल तशीच राहू द्या आणि कोडमधली ती एक ओळ उघडा.