मित्रांच्या ‘पूल’चा हिशेब कार्यालयीन सॉफ्टवेअरमध्ये : पार्श्वभूमी

आयपीएल किंवा विश्वचषक जवळ आला की मुंबईतल्या कार्यालयांत, गृहनिर्माण सोसायट्यांत आणि जुन्या महाविद्यालयीन मित्रांच्या गटांत ‘पूल’ सुरू होतो. प्रत्येक सामन्याआधी प्रत्येकाने विजेत्या संघाचा अंदाज नोंदवायचा, बरोबर अंदाजाला ठरलेले गुण मिळवायचे आणि मोसमाच्या शेवटी क्रमवारी लावायची, एवढाच हा खेळ असतो. त्याचा हिशेब मात्र बहुतेक वेळा एक्सेल किंवा गूगल शीट्ससारख्या, मुळात अंदाजपत्रके आणि विक्रीचे अहवाल डोळ्यांसमोर ठेवून घडलेल्या साधनांत ठेवला जातो. यात कामाच्या साधनाचा वापर खेळासाठी होतो असे वाटणे स्वाभाविक आहे. पण या दोहोंचा संबंध बराच जुना आहे आणि त्याच्या एका महत्त्वाच्या टप्प्यावर खेळच आधी आलेला दिसतो.

हा टप्पा १९७८ चा, कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथील जेट प्रपल्शन लॅबोरेटरी या नासाच्या अंतराळ-संशोधन प्रयोगशाळेतला आहे. तेथे काम करणारा वेन रॅटलिफ हा प्रोग्रामर कार्यालयातील सहकाऱ्यांच्या अमेरिकन फुटबॉलच्या पूलमध्ये भाग घेत असे. वर्तमानपत्रांतून जमवलेली संघांची आकडेवारी हाताने पडताळणे आवाक्याबाहेर गेल्यावर त्याने घरच्या छोट्या संगणकासाठी माहिती साठवणारा आणि हवी तेव्हा चाळून देणारा प्रोग्राम लिहायला घेतला. प्रयोगशाळेतल्या मोठ्या संगणकावर चालणाऱ्या जेपीएलडीआयएस या माहिती साठवण्याच्या प्रणालीची कल्पना त्याच्यासमोर होती. ‘व्हल्कन’ नावाने लिहिलेला हा प्रोग्राम पुढे ॲश्टन-टेट या कंपनीने ‘डीबेस टू’ म्हणून बाजारात आणला. डीबेस वन असे काही कधीच नव्हते. पहिल्या आवृत्तीलाच ‘टू’ म्हटले की ती अधिक भरवशाची वाटेल, हा विक्रीचा विचार त्यामागे होता. १९८० च्या दशकात छोट्या व्यवसायांच्या ग्राहक-याद्या, मालसाठ्याच्या नोंदी आणि पगारपत्रके जगभर या प्रोग्रामवर चालली. एका पूलची गरज भागवण्यासाठी सुरू झालेल्या कामातून व्यावसायिक माहितीसाठ्याचे एक प्रमुख साधन उभे राहिले, ही गोष्ट संगणकाच्या इतिहासात हवी तितकी सांगितली जात नाही असे मला वाटते.

तक्त्यांचा, म्हणजे स्प्रेडशीटचा, उगम वेगळा आहे. हार्वर्डमध्ये व्यवस्थापन शिकत असताना डॅन ब्रिकलिन याला असा तक्ता सुचला, ज्यातील एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे आपोआप बदलावेत. बॉब फ्रँक्स्टनच्या साथीने त्याने घडवलेला व्हिजिकॅल्क १९७९ मध्ये ॲपल टू संगणकावर आला, त्यानंतर १९८३ मध्ये लोटस वन-टू-थ्री आणि १९८५ मध्ये मॅकिंटॉशसाठी एक्सेल. पूल चालवणाऱ्याला हवे असते तेही नेमके हेच : एका चौकटीत सामन्याचा निकाल लिहावा आणि वीस जणांचे गुण व क्रमांक त्याच क्षणी नव्याने मांडले जावेत.

मुंबईत ही साधने पोहोचली ती नोकरीच्या वाटेने. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून दादर, गिरगाव, ठाणे अशा भागांतल्या संगणक-वर्गांत मजकूर लिहिण्याचे वर्डस्टार, तक्त्यांचे लोटस आणि माहितीसाठ्याचे डीबेस हे त्रिकूट शिकवले जात असे, आणि बँका, विमा कंपन्या व फोर्ट-नरिमन पॉइंटच्या कचेऱ्यांत ते शिकलेली मुले-मुली रुजू होत. याच शहरात कार्यालयांचे स्वतःचे क्रिकेट होते. टाइम्स शील्ड या कार्यालयांच्या स्पर्धेत कंपन्यांचे आणि बँकांचे संघ उतरत, आणि १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळल्या जाणाऱ्या कांगा लीगचे निकाल चवीने वाचणारे कारकून प्रत्येक मजल्यावर सापडत. कामासाठी शिकलेला तक्ता अशा माणसांच्या हाती आल्यावर तो क्रिकेटकडे वळणारच होता.

येथे एक अडचण आहे, आणि ती क्रिकेटचीच आहे. तक्ता दशमान पद्धतीने मोजतो, तर षटक सहा चेंडूंचे असते. १९.४ आणि १८.३ षटकांची थेट बेरीज केली तर उत्तर ३७.७ येते, पण अशी षटकसंख्या असूच शकत नाही. पहिल्या डावाचे ११८ चेंडू आणि दुसऱ्याचे १११ मिळून २२९ चेंडू होतात, म्हणजे ३८.१ षटके. निव्वळ धावगतीवर, म्हणजे दर षटकामागे केलेल्या आणि दिलेल्या धावांतील फरकावर, गुण देणाऱ्या पूलमध्ये म्हणून आधी सगळे चेंडूंत मोजावे लागते, आणि सर्वबाद झालेल्या संघाची पूर्ण षटके धरण्याचा नियमही सूत्रात घालावा लागतो. क्रमवारीचेही असेच आहे. एक्सेलचे रँक हे सूत्र समान गुण असलेल्या दोघांना एकच क्रमांक देऊन पुढचा क्रमांक गाळते, त्यामुळे बरोबरी कशी सोडवायची हे स्पर्धेआधी लिहून ठेवलेले नसेल तर वाद ठरलेला.

खरा बदल घडला तो तक्ता सामायिक झाल्यावर. आयपीएल २००८ मध्ये सुरू झाली, तर गूगलचा ऑनलाइन तक्ता २००६ मध्ये आला होता आणि त्याला जोडलेला फॉर्म २००८ मध्ये. तोपर्यंत पूलची फाइल एका माणसाच्या संगणकावर असे आणि इतरांना त्याच्या शब्दावर विसंबावे लागे. फॉर्ममुळे प्रत्येक अंदाजाला वेळेची नोंद लागली, नाणेफेकीनंतर आलेला अंदाज बाजूला काढता येऊ लागला, आणि आवृत्ती-इतिहासामुळे कोणी कोणता आकडा केव्हा बदलला हे तक्ता संपादित करू शकणाऱ्या प्रत्येकाला पाहता येऊ लागले. आयपीएलच्या २०२५ च्या मोसमात ७४ सामने होते. वीस जणांच्या गटात त्याचे १,४८० अंदाज होतात, आणि एवढ्या नोंदी केवळ स्मरणावर किंवा गप्पांच्या ओघात सांभाळता येत नाहीत. माझ्या मते कार्यालयीन सॉफ्टवेअरचा सर्वांत मोठा उपयोग गणितापेक्षा या उघडेपणात आहे.

त्याला कायद्याची बाजूही आहे. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक ठरतो, त्यामुळे जिंकलेली रक्कम न्यायालयात दावा करून वसूल करता येत नाही. वर्गणी गोळा करणाऱ्या पूलमध्ये सगळी भिस्त परस्परांच्या विश्वासावर आणि सर्वांसमोर असलेल्या नोंदीवरच राहते. शिवाय मुंबईत १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे, ज्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. सामन्याच्या निकालावर पैसे लावणे त्या सुटीत बसते असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घातली, आणि मुंबईतच २००८ मध्ये सुरू झालेल्या, स्वतःचा काल्पनिक संघ निवडून खेळायच्या ड्रीम इलेव्हन या ॲपलाही आपल्या सशुल्क स्पर्धा थांबवाव्या लागल्या. मित्रांच्या गटाने वर्गणीचा स्तंभ तक्त्यातून काढून टाकावा आणि फक्त गुण मोजावेत, हे म्हणूनच शहाणपणाचे आहे. विजेत्याला बाकीच्यांनी जेवू घालायचे ठरले तरी सूत्रांत काहीही बदलावे लागत नाही.