उजनीवर सायबेरियन क्रौंच येतात का?

उजनीकाठी सहलीला गेलेल्या मुलांना हमखास ऐकवलं जातं : "ते बघा, सायबेरियन क्रौंच!" सोलापुरात हे वर्षानुवर्षं चालू आहे. पण या पक्ष्याची, म्हणजे सायबेरियन क्रेनची, भारतातली शेवटची नोंद राजस्थानातल्या भरतपूरची, 2001-02 च्या हिवाळ्यातली.

मग उजनीवरचे कोण? गुलाबी थवे रोहितांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे. आपल्या देशात ते कच्छच्या रणात वीण करतात. लांब पिवळी चोच आणि पाठीकडे गुलाबी पिसं असलेला चित्रबलाक तर इथलाच. पलीकडच्या इंदापूर तालुक्यात, भादलवाडीच्या तलावावर त्याची घरटी असतात.

मुलांना एक सोपी खूण सांगावी. बाभळीवर बसलेला पक्षी दिसला, तर तो क्रौंच नाही. भारतात येणाऱ्या क्रौंचांचं मागचं बोट आखूड आणि वर असतं, त्यानं फांदी धरता येत नाही. ते जमिनीवर राहतात, रात्री उथळ पाण्यात उभे राहून झोपतात. (बगळा उडताना मान दुमडतो, क्रौंच ताठ ठेवतो.)

सायबेरियन क्रौंच पाणथळीतल्या वनस्पतींचे कंद उकरून खातो, त्यामुळे उथळ पाणथळ गेली की त्याचं ताटच गेलं. भरतपूरला येणारे वाटेतल्या शिकारीनंही संपले. आज जगातले जवळजवळ सगळे चीनच्या पोयांग सरोवरावर हिवाळा काढतात.

दख्खनवर हिवाळ्यात येणारा खरा क्रौंच म्हणजे कांड्या करकोचा. तो मध्य आशियातून, मंगोलियाकडून येतो. पण धोक्यातल्या यादीत तो नाही!