अर्धनारीत्व (रॉक संगीतातील)

रॉकच्या मंचावर गायकाने वेश, हावभाव आणि आवाज यांतून पुरुषपण व स्त्रीपण एकत्र मांडणे. पश्चिमेत याकडे बहुधा बंडखोरी म्हणून पाहिले गेले. अद्वैताच्या अंगाने पाहिले तर मामला जुना आहे.

या एकत्वाचे दगडी रूप कोकण किनाऱ्यावरच आहे. घारापुरीच्या (ता. उरण, जि. रायगड) मुख्य लेण्यात, सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेला, नंदीवर रेललेला चतुर्भुज अर्धनारीनटेश्वर उभा आहे. उजवे अंग शिवाचे, डावे पार्वतीचे, डाव्या हाती आरसा. दोन देह सांधल्याची खूण मात्र दिसत नाही. कमरेचा एकच बाक दोघांना पुरतो. ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’च्या पहिल्याच प्रकरणात शिवशक्तीचे ऐक्य सांगताना दोन दांड्यांतून उठणाऱ्या एका नादाचा दृष्टांत दिला आहे.

रॉकमध्ये ‘रोलिंग स्टोन्स’चा गायक मिक जॅगर याने १९६९ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये झालरीचा पांढरा अंगरखा घातला. पण पूर्वेशी खरा संबंध इंग्लिश गायक डेव्हिड बोवीचा. तरुणपणी तो चिमे रिनपोछे या तिबेटी लामांकडे बौद्ध विचार शिकला. १९७२ मध्ये त्याने ‘झिगी’ हे ना धड पुरुष, ना धड स्त्री असे पात्र उभे केले. त्यासाठी जपानी वेशभूषाकार कान्साई यामामोतो यांचे पोशाख वापरले आणि काबुकी या जपानी नाट्यातल्या स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुष नटांकडूनही प्रेरणा घेतली. ‘क्वीन’चा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला हे खरे, पण तेवढ्यावरून त्याला तत्त्वज्ञ ठरवणे म्हणजे ओढून चंद्रबळ आणणे.

सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या पेडणे भागातील दशावतार या लोकनाट्यात सगळी पात्रे परंपरेने पुरुषच करत आले. पूर्वरंगातल्या रिद्धी-सिद्धी असोत वा आख्यानातली राणी, स्त्रीपार्टी नट आपली रंगरंगोटी स्वतःच करतो आणि संवाद उत्स्फूर्त बोलतो. लिखित संहिता नसते. रॉकमध्ये पात्र गायकाला चिकटते. झिगीला मंचावरून निवृत्त करायला बोवीला १९७३ मध्ये जाहीर घोषणा करावी लागली. दशावतारात घोषणा लागत नाही. पहाटे दहीकाल्याची हंडी फुटते, तोंडावरचा रंग उतरतो आणि साडी पेटाऱ्यात जाते, पुढच्या गावच्या जत्रेसाठी.