पुढचा फेंडर आणि मागचा क्वार्टर पॅनेल: दिसायला जुळे, कामाला वेगळे

पुढच्या चाकावरचा पत्रा आणि मागच्या चाकावरचा पत्रा बाहेरून एकाच जातीचे वाटतात. गंजतातही जवळपास सारख्याच जागी, चाकाच्या कमानीच्या काठावर आणि खालच्या टोकाला. त्यामुळे पुढचा फेंडर ज्याने घरच्या घरी बदलला आहे, त्याला मागचा पत्राही थोडे जास्त बोल्ट खोलले की निघेल असं वाटतं. पण तिथे बोल्टच नसतात. पुढचा फेंडर बहुतेक गाड्यांत बॉडीवर अडकवलेला असतो आणि मागचा क्वार्टर पॅनेल म्हणजे खुद्द बॉडीच असते. कोणतं काम घरी करायचं आणि कुठे थांबायचं, ते या फरकावरून ठरवावं.

अपवाद आहेत. जुन्या फोक्सवॅगन बीटलचे चारही मडगार्ड बोल्टवर बसतात. सिट्रोएन डीएसचा मागचा पत्रा तर एकच बोल्ट काढला की हातात येतो. चाक बदलायलाही तो काढावा लागतो. उलट मूळ मिनीचे पुढचे फेंडरसुद्धा वेल्ड केलेले. म्हणून नवा पत्रा विकत घेण्याआधी आपल्या गाडीचे सांधे स्वतः पाहून घ्या.

पुढच्या फेंडरचं काम मुख्यतः धीराचं. बोल्टची एक रांग बॉनेट उघडल्यावर कडेने दिसते. एखाद-दुसरा बोल्ट दार उघडल्यावर खांबापाशी सापडतो, काही चाकामागे सिलजवळ (दारांखालचा बॉडीचा लांब पट्टा) आणि काही बंपरपाशी. चाकाआतला प्लास्टिकचा लायनर आधी काढावा लागतो. तो काढला की गंजाचं कारणही समोर येतं: फेंडर आणि दाराचा खांब यांच्यामधल्या कप्प्यात साचलेला चिखल आणि पानं. तिथे ओल सुकतच नाही आणि पत्रा आतून बाहेर कुजत येतो. रंगावर फुगा दिसेपर्यंत आतला पत्रा बराचसा गेलेला असतो.

गंजलेल्या बोल्टवर गंज सोडवणारं तेल आदल्या दिवशीच मारून ठेवा. बोल्ट तुटला तर नवा घालता येतो, पण बॉडीला आत वेल्ड केलेला नट फिरू लागला तर काम चांगलंच लांबतं. बोल्टखाली पातळ पट्ट्या निघाल्या तर कोणती कुठली ते लिहून ठेवा, कारण मूळ गॅप त्यांच्यावरच जुळवलेले असतात.

नवा फेंडर सगळ्या बोल्टवर सैल टांगा. आधी दाराची फट जुळवा, मग बॉनेटची, आणि मगच आवळा. आवळण्यापूर्वी दार एकदा अगदी हळू, पूर्ण उघडून पाहा. फेंडर दाराकडे जास्त सरकलेला असेल तर दाराची पुढची कड त्यावर घासते आणि ताजा रंग पहिल्याच दिवशी उडतो. फेंडरची आतली बाजू आणि दुमडलेल्या कडा मात्र बसवण्याआधीच रंगवून घ्या. नंतर तिथे ब्रश पोहोचत नाही.

क्वार्टर पॅनेल खालच्या बाजूला सिलला, आत चाकाच्या कमानीला, मागे डिकीच्या चौकटीला आणि वर छताच्या खांबाला जोडलेला असतो, बहुतेक जागी स्पॉट वेल्डने, म्हणजे दोन पत्रे ठिपक्याठिपक्यांनी वितळवून जोडलेले. बाहेरचा आणि आतला पत्रा मिळून एक बंद पेटी तयार होते आणि बॉडीची ताकद त्या पेटीतून येते. अनेक गाड्यांत मागच्या सीटबेल्टचा वरचा टेकू याच खांबात असतो. इथला पत्रा कापणं म्हणजे बॉडीचा एक भाग तात्पुरता सैल करणं. म्हणून गाडी एका जॅकवर तिरकी उचललेली असताना इथे कधीही कापू नका. ती सपाट जमिनीवर चारही चाकांवर उभी ठेवा आणि कापण्याआधी दार व डिकीच्या फटी मोजून ठेवा.

स्पॉट वेल्ड रंगाखाली लपलेले असतात. वायर ब्रशने रंग काढला की छोटे गोल खळगे दिसू लागतात. स्पॉट वेल्ड कटरने फक्त वरचा पत्रा कापायचा, खालचा शाबूत राहिला पाहिजे. नव्या पत्र्याला 6 ते 8 मिमीची भोकं पाडून त्यातून प्लग वेल्ड करतात, म्हणजे भोक वेल्डने भरून खालच्या पत्र्याला जोडतात. दोन पत्रे जिथे एकमेकांवर येणार तिथे वेल्डआधी जस्ताचा वेल्ड-थ्रू प्रायमर (ज्यावरून वेल्ड करता येतो असा) लावायचा, कारण वेल्डनंतर त्या सांध्यात काहीच शिरत नाही. ओल मात्र शिरते.

माझं स्पष्ट मत असं, की गंज फक्त कमानीपुरता असेल तर अख्खा क्वार्टर पॅनेल बदलू नये. छताच्या खांबावरचा कारखान्यातला सांधा शाबूत असताना तो उघडण्यात नुकसानच आहे. कमानीचा तयार तुकडा घ्यावा, आणि गंज संपून चकचकीत पत्रा लागेल तिथपर्यंत कापावं. सडलेल्या पत्र्यावर नवा पत्रा चढवून पुट्टी मारणं ही दुरुस्ती नाही. दोन थरांमध्ये ओल अडकते आणि आतली कमान झपाट्याने जाते. बाहेरचा तुकडा लावण्याआधी आतली कमानही तपासा, कारण बाहेरची कड तिलाच जोडायची असते.

हा पत्रा साधारण 0.7 ते 0.9 मिमी जाडीचा. सलग वेल्ड ओढला की तो तापून लाटेसारखा वाकतो आणि मग थरावर थर पुट्टी लागते. गॅसवरचं मिग मशीन (तार आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंग यंत्र), 0.6 मिमीची तार, लांब लांब अंतरावर एकेक टॅक (वेल्डचा छोटा ठिपका) आणि मध्ये पत्रा गार होऊ देणं, हाच मार्ग. ज्याने आधी भंगार पत्र्यावर हात बसवलेला नाही, त्याने कापणं, घासणं, तुकडा जुळवून पकडीत धरणं घरी करावं आणि वेल्ड अनुभवी माणसाकडून घ्यावा.

पुढच्या फेंडरच्या कामात फारसा नसलेला आगीचा धोका इथे खरा आहे. पेट्रोल भरण्याची नळी बऱ्याचदा याच पत्र्यामागून जाते आणि टाकी जवळच असते. ती नळी आणि टाकी बाजूला केल्याशिवाय ग्राइंडरची ठिणगीही पाडू नका. मागची सीट, गालिचा, आवाज शोषणारे थर काढा, बॅटरी सोडा, आग विझवण्याचं साधन हाताशी ठेवा. पत्रा क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसून वेल्ड करू नका. आर्कमुळे त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. जस्ताच्या थरावर वेल्ड करताना निघणारा धूरही ताप आणतो, म्हणून योग्य मास्क आणि खेळती हवा हवीच.

वेल्ड घासून झाला की उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, त्यावर सांध्यांना सीम सीलर (फटी बुजवणारा लेप), आणि रंगकाम संपल्यावर आतल्या पोकळीत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं मेण). सिलच्या तळाशी पाणी वाहून जाण्याची भोकं असतात. वॅक्स आणि सीलरने ती बुजली नाहीत ना, हे तारेने टोचून पाहा.